अर्धाच ऐकलेला आवाज

"बेअरिंग वाळलंय, बाकी काही नाही. ग्रीस दे आणि चालव खुशाल. आणि वकीलबाई, तुमच्या कानात बोळा बसलाय, तो आधी काढा."

बोलून झालं तसं मास्तरनं फोनवरचं बोट उचललं, मेसेज गेला. मास्तर म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा गडी; शाळेचं आणि त्याचं कधी जमलं नाही. नाव ठेवलं ते लिफ्टवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपनं. तिथं कुणीतरी बिघडलेल्या मोटरचा आवाज टाकायचा. पहिला जो दुखणं ओळखेल तो मास्तर, चुकेल तो ढ. कित्येक दिवस मास्तरकी ह्याच्याच घरात होती आणि ती हिसकावायला वकीलबाई टपलेल्या. त्याही लिफ्टच दुरुस्त करतात, फक्त वाद सोडत नाहीत.

त्यांनी लिहिलं होतं, "ब्रेक गेलाय. हलवू नका."

आवाज टाकणारा नवखा होता. "मास्तर म्हणतात तर ग्रीस देतो आणि लिफ्ट सोडतो," असं त्याचं उत्तर आलं.

मास्तर स्वतः ज्या लिफ्टच्या कामावर होता, तिच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्याचा मेव्हणा नट सोडवत होता. "दाजी, पूर्ण ऐकलंत का?"

"सुरुवातीलाच कळलं."

"कळलं, का पहिला नंबर पाहिजे होता?"

मास्तरनं चिडूनच आवाज परत लावला. मोटर घरघरली, बंद झाली. आणि बंद झाल्यावरही चाक घासत फिरतच राहिलं. ब्रेक चाक धरतच नव्हता.

नवख्याला त्यानं गुपचूप वेगळं लिहिलं, "थांब." तो मेसेज तसाच पडून राहिला. फोन लावला, उचलेना. तिकडं ग्रुपवर मात्र नवखा लिहीत होता, "ग्रीस दिलं. खाली लोक खोळंबलेत."

"ग्रुपवरच लिहा की," मेव्हणा म्हणाला.

मास्तरचा अंगठा अधांतरी. वकीलबाईंच्या हातात आपणहून काठी द्यायची.

"दाजी."

त्यानं लिहिलं, "वकीलबाई बरोबर. मी अर्धाच ऐकला. मेन स्विच पाड, कुणाला आत घेऊ नकोस."

उत्तराची वाट बघता बघता मास्तर घाम पुसायचा विसरला.

मग आलं, "पाडला. एक बाई बाळाला घेऊन आत शिरल्या होत्या. त्यांना बाहेर काढलं."

मास्तरनं घाम पुसला. फोनमधून वकीलबाईंचा आवाज आला, "ब्रेकचं मी सांगते त्याला. तुम्ही नुसतं ऐका, ढ. शेवटपर्यंत."

त्यानं ऐकलं. मेव्हण्यानं न हसता पाना पुढं केला.

"चला, आपलीही लिफ्ट बंदच आहे."

फोन खिशात टाकून मास्तरही मोटरच्या झाकणाचा नट सोडवू लागला.