परब काकांचं स्टेशन

आधीच सांगून टाकते – मी अमावास्येला नवी गाडी घेतलेली बाई आहे. त्या दिवशी शोरूम रिकामं असतं आणि माणसं नीट बोलतात, एवढाच माझा विचार होता. सासूबाई बरेच दिवस त्या गाडीत बसल्या नव्हत्या. विक्रोळीच्या एका कंपनीत मी इलेक्ट्रिकल पॅनेल तपासते. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण सापडत नाही म्हणजे तू नीट शोधलं नाहीस, हे हाताखालच्या लोकांना मी रोज ओरडून सांगते. त्यामुळे असल्या गूढ अनुभवांच्या सदरात मी कधी लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण घडलंय ते घडलंय. आणि खरं तर हा अनुभव माझ्यापेक्षा बोरिवलीच्या परब काकूंचा आहे. आपला नवरा आपल्या गेलेल्या मुलीला विसरला होता का, हा एकच प्रश्न घेऊन ती बाई इतकी वर्षं जगत होती. त्याच मला म्हणाल्या, "लिही गो, माझी काय हरकत नाय." आडनाव मात्र बदललंय.

तर मला छोट्या रेल्वेचा नाद आहे. मुलुंड पूर्वेला आमचा वन बीएचके. हॉलच्या भिंतीला बिजागऱ्यांवर प्लायचा एक मोठा बोर्ड लावलाय. रविवारी तो खाली पाडायचा, पायांवर उभा करायचा, की माझं राज्य सुरू. तोवर नितीनला – म्हणजे माझ्या नवऱ्याला – सोफ्यावर बसायला जागा नाही. संध्याकाळी सगळं डब्यांत भरून बोर्ड परत भिंतीला. त्यामुळे रूळ तेवढे पक्के ठोकलेले, बाकी घरं, झाडं, स्टेशनं सगळी सुटी. नाहीतर बोर्ड उभा केला की अख्खं गाव जमिनीवर... एकदा झालंय तसं. नितीन अजून चिडवतो, "हिच्या गावाला भूकंप झाला होता."

नवीन इंजिनांच्या किमती बघून घाम फुटतो, म्हणून आम्ही या नादातली माणसं ऑनलाइन सेकंड-हँड माल शोधत पडीक असतो. फोटो मोठा करून चाकं बघायची, "चालू स्थितीत" म्हणजे नक्की किती चालू ते खोदून विचारायचं. गेल्या वर्षी अशीच एक जाहिरात दिसली – "मिस्टरांचे रेल्वेचे सामान, सर्व एकत्र द्यायचे आहे." फोटो धूसर. पण इंजिन बघून मी जागची हलले नाही. जर्मन बनावटीचं डिझेल इंजिन, आणि कोणीतरी ते हाताने आपल्याकडच्या रंगात रंगवलेलं. इतकं नाजूक काम, की रंग उडाल्याचा भाससुद्धा ब्रशने रंगवलेला. फोनवर त्या मिस्टरांचा भाचा बोलला. म्हणाला, मामा वारले, मामीला घरात काही ठेवायचं नाही. मी लगेच हो म्हटलं.

पार्सल आलं. इंजिन, तीन निळे डबे, आणि एक खोकं, ज्याचा जाहिरातीत उल्लेखही नव्हता. त्यात मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक स्टेशन होतं. स्टेशन कसलं, खेड्यातला थांबा. लाल मातीचा बुटका प्लॅटफॉर्म, पत्र्याची शेड, सिमेंटचं बाकडं, मागे फणसाचं झाड आणि त्याखाली निळा हातपंप. फणसाला बुंध्यापाशी चार-दोन फणसही लटकवलेले. स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी होती, पण ती कोरी. विकत मिळणारी वस्तू नव्हेच ती. कोणीतरी महिनोन्महिने डोळे फोडून केलेली.

मी ते स्टेशन लगेच माझ्या बोर्डवर, रुळांच्या कडेला मांडलं आणि इंजिन सोडलं. एक चक्कर मारली आणि गाडी त्या स्टेशनात येऊन थांबली.

मला वाटलं, रूळ खराब. पुसले. गाडी थोडा वेळ उभी राहिली आणि मी हात लावायच्या आत आपण होऊन निघाली. पुढच्या चक्करला परत तिथेच. माझी दुसरी इंजिनं त्याच रुळावरून सुसाट जात होती. हे एकटंच थांबायचं. बरं, वीज बंद पडून थांबावं, तर तसंही नाही – पुढचा दिवा लख्ख चालू! रुळांना मीटर लावला, व्होल्टेज पूर्ण. मोटर जाम झाली असती तर तिने करंट जास्त खेचला असता आणि इंजिन तापलं असतं. इथे उलट, करंट फक्त दिव्यापुरता. आत कोणीतरी मोटरची वायर हळूच सोडवावी आणि परत जोडावी, तसं.

मी इंजिन उघडलं. साधी जुनी मोटर, दोन वायरी, दिवा. चिप नाही, काही नाही. वायरी बदलल्या. स्टेशनच्या खाली लोहचुंबक लपवलाय का म्हणून होकायंत्र फिरवून बघितलं, सुई ढिम्म. मग मी सरळ स्टेशन उचललं आणि बोर्डच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं.

गाडी जुन्या जागेवरून न थांबता गेली आणि दुसऱ्या टोकाला, स्टेशनसमोर, थांबली.

नितीनला हाक मारली. त्याने बघितलं, स्टेशन स्वतः तिसरीकडे ठेवलं, आणि गाडी तिसरीकडे थांबल्यावर म्हणाला, "वैशू, हे परत करून टाक यार." मी त्याच्यावरच उखडले. म्हटलं, तपासून झाल्याशिवाय मी काही परत करत नसते. पण स्टेशन काढून ठेवलं की ते इंजिन दिवसभर बिनतक्रार धावायचं, आणि ठेवलं की थांबायचं. मी सुट्टी घेऊन तपासलं तरी यात फरक पडला नाही.

आमच्यात एक रीत आहे. कोणाचं जुनं इंजिन घेतलं, की ते नव्या रुळांवर पहिल्यांदा धावतानाचा व्हिडिओ विकणाऱ्याला पाठवायचा. लेक सासरी बरी आहे, असं कळवल्यासारखं. मी मूर्खासारखा तोच थांबण्याचा व्हिडिओ भाच्याला पाठवला. खाली लिहिलं, "इंजिन मस्त आहे, फक्त स्टेशनात अडकतंय, काकांनी काही बदल केले होते का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. बाईचा आवाज.

"मी परब. बोरिवलीहून. भाच्याने व्हिडिओ दाखवला. ता स्टेशन... ते तुम्ही बनवलंत?"

"नाही हो काकू, तुमच्याच खोक्यात होतं."

मग म्हणाल्या, "मी येऊन बघू?"

रविवारी दुपारी त्या आल्या. बोरिवलीहून मुलुंडला बस बदलत. नंतर कळलं, त्या रेल्वेने प्रवासच करत नाहीत. साठी ओलांडलेली, सडपातळ, इस्त्रीची सुती साडी. पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ बोर्डासमोर येऊन उभ्या राहिल्या. स्टेशनकडे बघितलं. फणस, हातपंप, बाकडं... एकेक वस्तूवरून त्यांची नजर फिरत होती. मी खुर्ची सरकवली, गाडीच्या वेगाचा नॉब फिरवला आणि हात मागे घेतला.

गाडी आली. थांबली.

काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि मग, माझ्याकडे न बघता, बोलायला लागल्या.

कोकणात गाडी तेव्हा नवीनच सुरू झाली होती. परब नवराबायको मुलीला घेऊन सुट्टीत कुडाळजवळच्या त्यांच्या गावी गेले होते. मुलगी दीपा, जेमतेम पहिलीतली. तिला ताप भरला, आणि सकाळपर्यंत ती कोणाला ओळखेना. काकू म्हणत होत्या, जीप करू. काका म्हणाले, रस्ता खराब आहे, पॅसेंजर येईलच, गाडीने लवकर पोचू. तिघं गावाबाहेरच्या त्या थांब्यावर जाऊन बसले. पॅसेंजरचा पत्ता नव्हता. मध्ये एक एक्स्प्रेस आली. ती तिथे थांबणारी नव्हतीच. काका धोतराचा सोगा हलवत, ओरडत प्लॅटफॉर्मभर धावले. गाडी निघून गेली. पॅसेंजर आली तेव्हा दीपा त्या बाकड्यावर, आईच्या मांडीवर गेलेली होती.

"त्यानंतर ह्यांनी तिचं नाव घेतलं नाही कधी," काकू म्हणाल्या. "एकदासुद्धा नाही. भिंतीवरचा फोटो उतरवून ठेवला. आणि वर्षभराने तिच्याच खोलीत ह्या खेळातल्या गाड्या आणून मांडल्या! मी किती भांडले. ज्या गाडीने माझी पोर नेली नाही, त्याच गाड्या माझ्या घरात? सुरुवातीला मला बोलवायचे... ये गं, एकदा बघ. मी मिक्सर लावायचे. मग बोलवायचे बंद झाले. मी त्या खोलीत पाय नाही ठेवला. ते गेले तेव्हासुद्धा नीट रडले नाही मी. म्हटलं, खेळत बसलेला माणूस तो. लेक विसरला, त्याच्यासाठी काय रडायचं?"

स्वयंपाकघराच्या दारात नितीन उभा होता, त्याचेही डोळे भरलेले. आणि तेव्हा माझं लक्ष गेलं – गाडी अजून उभीच होती. एरवी थोड्या वेळात निघणारी गाडी, काकूंचं एवढं बोलणं होईपर्यंत, दिवा लावून त्या प्लॅटफॉर्मला उभी होती. नॉब चालू. मी मीटरकडे बघितलं, व्होल्टेज पूर्ण.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बडबडले. म्हटलं, "काकू, काम किती सुंदर आहे बघा ना. फक्त माणसं नाहीत ठेवलेली. आम्ही लोक प्लॅटफॉर्मवर आधी माणसं चिकटवतो. इथे एकही नाही, आणि कधी चिकटवल्याची खूणही नाही. का कोण जाणे."

काकूंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मग वाकून, अगदी जवळ जाऊन, त्या रिकाम्या बाकड्याकडे बघत राहिल्या. आणि त्यांचा चेहरा असा काही बदलला, की मी जन्मात विसरणार नाही.

"माणसा कशी असतली गो?" त्या म्हणाल्या. "गाडी थांबली मा! माणसा चढली. ह्यांनी आमका गाडयेत बसवल्यानी. तिघांकाय."

आणि त्या रडल्या. जोराने, लहान मुलासारख्या, तोंडात पदर न धरता. मी त्यांना जवळ घेतलं. "माका वाटलेला, हे इसारले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "रोज थांबवीत होते गो... रोज तिका घेऊन जात होते, आणि माका बोलवीत होते."

रडणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. एक बोट पुढे करून पहिल्या डब्याच्या टपावर अलगद ठेवलं. आणि नवऱ्याशी बोलावं तसं, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "जावा आता. तुमी दोघा जावा फुडे. माका येळ आसा अजून."

बोट उचललं आणि गाडी निघाली. नॉबला माझा हात लागलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. नितीननेही बघितलं. नेहमी हिसका देऊन निघणारं ते जुनं इंजिन इतक्या सावकाश निघालं, की डबे हललेले कळलेही नाहीत.

पुढच्या चक्करला गाडी थांबली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हापासून आजपर्यंत ते इंजिन त्या स्टेशनात एकदाही आपण होऊन थांबलेलं नाही. मी तेच स्टेशन, त्याच जागी, सगळ्या प्रकारे ठेवून बघितलं. मोटर तीच, वायरी त्याच.

मी काकूंना सगळं परत देऊ केलं होतं. त्या नको म्हणाल्या. "माझ्याकडे रूळ खय आसत? तुझ्याकडे चालांदे." आता त्या महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. त्यांना मासे आवडतात म्हणून नितीन सकाळीच बाजारात जातो. जेवतात, थोडा वेळ बसतात, दीपाच्या गोष्टी सांगतात, आणि परत बसने जातात. परवा घरातला फोटो भिंतीवर लावला म्हणाल्या. बापलेकीचा, एकत्र.

कारण मला अजूनही सापडलेलं नाही. छोट्या रेल्वेवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवरच्या जाणकारांनी बरंच काही सुचवलं – तापलेला जोड, मोटरमधला सैल ब्रश, योगायोग. मी प्रत्येक गोष्ट करून बघितली. यातल्या कशानेही स्टेशन हलवल्यावर गाडीची थांबायची जागा हलत नाही. ऑफिसात मी असा कोरा रिपोर्ट कोणाला सही करून देऊ देत नाही. इथे देतेय.

गाडी आता मीच थांबवते. प्रत्येक चक्करला, स्टेशन आलं की नॉब हळूहळू मागे घेते. नितीनला आधी वाटायचं मी गाडी लगेच पुढे सोडीन, पण नाही. लहान मूल बरोबर असलं की चढायला वेळ लागतो.