दार कुठल्या बाजूला होतं?

बायबलमधल्या प्रत्येक घराचं दार कुठल्या बाजूला होतं हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच, आणि तो कोपरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहत असे. या काकांची उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेली. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी शास्त्रातल्या गोष्टींचे नकाशे काढायला घेतले. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, टोकदार पेन्सिल, खाली स्केल : एक सेंटिमीटर म्हणजे एक पाऊल. आधी जागा आखायची, मग गोष्ट वाचायची आणि शेवटी पेन्सिल ऐकणाऱ्याच्या हातात द्यायची. "तात्पर्य नको मला. तू या गोष्टीत कुठे उभा आहेस? मार फुली."

चर्चमधल्या शास्त्राभ्यासात पाळकसाहेब तारणाच्या सिद्धांतावर रंगात आले की काकांचा हात वर. "साहेब, सगळं बरोबर, पण यात गोष्ट कुठाय?" पाळकसाहेब बिचारे गोष्टीवर आले, तर विहीर रस्त्याच्या डाव्या अंगाला की उजव्या, यात अर्धा तास. "स्वर्गात गेल्यावर आधी प्लॅन मागतील हे," असं काकू म्हणत. एकदा आमच्या सोसायटीत गच्चीच्या गळतीवरून हमरीतुमरी चालली होती. काका उठले आणि लुळ्या मित्राला छप्पर उचकटून येशूपुढे खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट सांगू लागले. सेक्रेटरी वैतागले. "अहो काका, त्याचा आपल्या स्लॅबशी काय संबंध?" "आहे ना. मित्र बरा होऊन घरी गेला. छप्पर कोणी दुरुस्त केलं, ते लिहिलेलं नाही. म्हणजे ते काम आपल्यावर आलं." वॉटरप्रूफिंगचा ठराव त्या दिवशी एकमताने झाला.

आमच्या देव्हाऱ्यात गणपती, पण काकूंच्या आल्याच्या चहापायी मी रोज सकाळी खाली असे. एका सकाळी मात्र गेलो तो तोंड पाडूनच. माझा धाकटा भाऊ आठ वर्षं घर सोडून बेपत्ता होता. आईची दुखणी काढली मी. आता हा पठ्ठ्या परत आला, डोंबिवलीत घर घेतलं, आणि आई त्याच्या वास्तुशांतीसाठी आठ दिवस आधीच जाऊन बसली! मी जाणार नव्हतो. आईचे तीन फोन आले, तेही मी उचलले नव्हते.

काकांनी ऐकून घेतलं आणि कागद ओढला. घर, अंगण, शेताकडची वाट. मग गोष्ट वाचली : उधळ्या धाकटा परत आला म्हणून बाप मेजवानी घालतो, आणि शेतावरून आलेला थोरला रागावून घरात पाऊल टाकत नाही. पेन्सिल माझ्या हातात आली. मी अंगणाबाहेर अशी फुली मारली की टोकच मोडलं. काकांनी शांतपणे टोक काढलं आणि माझ्या फुलीला चिकटून एक छोटं वर्तुळ काढलं.

"हे कोण?"

"बाप. पाहुणे, पानं, सगळं टाकून थोरल्याची समजूत घालायला बाहेर आलाय. तुझ्या शेजारी उभा आहे, आणि तू आपला दाराकडे बघून फुगलायस."

"मग थोरला गेला का आत?"

"ते लिहिलेलं नाही," काका म्हणाले, आणि चहा पिऊ लागले. मला ते तीन फोन आठवले.

मी गेलो. आईनं आम्हा दोघांना शेजारी बसवून वाढलं, आणि पोळीवर तूप माझ्याच जास्त घातलं. त्यानंतर आई दीडच वर्ष होती. ते दीड वर्ष मला काकांनी मिळवून दिलं. याचे आभार कसे मानायचे, ते मला आजही कळत नाही. वास्तुशांतीहून परत आल्यावर मी रबर घेऊन बाहेरची फुली पुसायला निघालो, तर काका माझ्यावर खेकसले, "खोडतोस काय? ड्रॉइंग खोडत नाहीत, रिव्हिजन टाकतात. आधी कुठे होतास तेही दिसायला हवं." मग मी घरात दुसरी फुली मारली आणि त्यांनी कोपऱ्यात 'रिव्हिजन १' लिहून सही केली.

काका-काकू आता घोडबंदर रोडला लेकीकडे असतात. काकांना दिसत नाही फारसं. परवा तो कागद घेऊन गेलो. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची फुली कधीच मारली नव्हती, म्हणून पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "काका, तुम्ही कुठे?"

"दार कुठल्या बाजूला?" ज्यांनी ते आखलं, ते मला विचारत होते. मी त्यांचं बोट दारावर ठेवलं. तिथून चाचपत ते अंगणाबाहेर आले आणि बापाच्या वर्तुळाशेजारी फुली मारली.

"बाहेर कशाला, काका? आत या की."

"येतो रे. अजून कोणी बाहेर राहिलंय का, तेवढं बघून येतो."