कोनचं पाळणाघर आणि परातभर वाल

"मग सगळ्यांना मान्य ना?" साक्षीने विचारलं आणि कोन गावच्या समाजमंदिरात बसलेल्या बायका-पुरुषांनी माना डोलावल्या. मीटिंग संपली. पाळणाघर याच हॉलमध्ये होणार. मी खुर्च्या रचायला उठले, पण माझं मन काही उठेना.

साक्षी आमच्या संस्थेची प्रोजेक्ट मॅनेजर, वय सत्तावीस. मी तिची इंटर्न, वय एकावन्न. ऑफिसची नोकरी सोडून पनवेलच्या या छोट्या संस्थेत शिरले, तेव्हा लेक म्हणाली होती, "आई, इंटर्नला चहा आणायला पाठवतात." साफ खोटं. चहा करायलाच लावतात.

खुर्च्या गोल मांडायची आयडिया माझी. ट्रेनिंगमध्ये नुकतंच फोकस ग्रुप शिकले होते. म्हणजे मोजक्या माणसांना एकत्र बसवायचं, बोलतं करायचं आणि आपण ऐकायचं. गोलात कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, सगळे समान. त्या समानतेपायी गावातल्या सुना नेमक्या आपापल्या सासऱ्यांच्या समोर आल्या. सासरे बोलले. सुना खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकून राहिल्या.

त्यातली मंदा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. ती गोदामात पॅकिंगला जाते. तिचा दोन वर्षांचा मुलगा सासूपाशी असायचा, पण सासूचे गुडघे आता साथ देत नाहीत. पाळणाघर झालं नाही तर मंदाची नोकरी सुटणार. तिने खूश व्हायला हवं होतं. ती मान खाली घालून घरी गेली.

"रिपोर्ट आत्ता नको पाठवूस," मी साक्षीला म्हटलं.

"ताई, फंडर उद्या जागा फायनल करणार. सगळ्यांचा होकार तुम्हीही ऐकलात ना?"

ऐकला कुठे होता? नुसता पाहिला होता.

मला एका जागी बसवत नाही, हा आमच्या घरातला जुना विनोद. पाणी प्यायच्या निमित्ताने मी मंदाकडे गेले. मोड आलेले वाल परातीत कोमट पाण्यात टाकून ती सोलत बसली होती. रिकाम्या हातांना काम हवंच होतं. मीही फतकल मारली.

"मॅडम, तुमी वाल सोलता का डाळ करता?" पलंगावरून सासू म्हणाली.

माझी कीर्ती भिंतीपलीकडे पोचली. शेजारच्या दोघी आल्या आणि उरलेले वाल वाचवायला बसल्या. परातीतून नजर न काढता मी विचारलं, हॉल पसंत आहे ना?

मग मंदा म्हणाली, "तिथं दुपारी पत्त्यांचा डाव बसतो. बाटल्या पन असतात. पोराला तिथं ठेवून माझं कामात लक्ष लागंल का?"

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसले तेच लय झालं. वर तोंड पन उघडू?"

माझे सासरे घरात असेपर्यंत मी चहासुद्धा उभ्याने प्यायलेली बाई. मला हे ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग जागा कुठली, यावर चौघींचं एकदम सुरू झालं. शेवटी सासूने निकाल दिला. "आमची पुढची खोली रिकामीच हाय. पोरांमागं धावायला तुमची बाई असंलच. नजर ठेवायला गुडघे कशाला लागतात?"

तेवढ्यात सासरे आले. सासूने त्यांना विचारलं नाही, सांगितलं. ते दारातच थबकले.

"मंग मघाशी का नाय बोल्लात कोनी?"

सगळ्या वाल सोलत होत्या. मीसुद्धा.

साक्षीने खोली पाहिली आणि रिपोर्टमध्ये जागा बदलली. फंडरने मंजुरी दिली. मंदा अजून गोदामात जाते, आणि सासू पलंगावरून अख्ख्या पाळणाघराला दम देते. रिपोर्टमध्ये या बैठकीला 'अनौपचारिक चर्चा' म्हटलंय, वालांचा उल्लेख नाही. मी मात्र एवढं शिकले की मान डोलली म्हणून होकार लिहून टाकू नये. ती कोणासमोर डोलली, ते आधी बघावं.