हातानं दावा

बबनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय यावा? सुटलो बाबा, आता विषय संपला! लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझा स्वभावच संशयी. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. आंदर मावळातले भाऊ माझ्या हाताखाली माल चढवायचं-उतरवायचं काम करायचे, सोबतीला बिहार-ओडिशाकडचे कामगार.

भाऊंची एक रीत होती. मी काहीही सांगितलं की ते जागचे हलायचे नाहीत. "साहेब, तोंडानं नगं. हातानं दावा." मग मी हात वर-खाली करून दाखवायचं, प्रत्येक नव्या माणसानं तेच करून दाखवायचं, आणि मगच मालाची ट्रॉली वर-खाली करणारं बटण दाबायचं. सगळ्यांसमोर मी आपला मुक्यासारखा हातवारे करतोय! हा माणूस मुद्दाम माझी फजिती करतोय, नक्की कुणीतरी याला फूस लावलीय, अशी माझी खात्रीच झाली. वरच्या साहेबांकडे मी गुपचूप एक तक्रार सरकवली, बिननावाची. आठवड्यात भाऊंना गेटवर बसवलं.

खरं कारण मला नंतर कळलं, तेही भाऊंकडूनच, गेटवर चहा पिताना. आधी आंबीच्या कारखान्यात कामाला असताना त्यांनी बटणावरच्या माणसाला ओरडून सांगितलं होतं, "ट्रॉली खाली कर!" आपल्यात खाली म्हणजे उतरव. शेजारच्या बिहारी कामगाराच्या हिंदीत त्याचा अर्थ रिकामी कर. त्याला वाटलं आपल्यालाच सांगितलं. त्यानं माल काढायला आत हात घातला आणि ट्रॉली खाली आली...

"दोन बोटं गेली त्याची. माज्या बोलन्यानं," भाऊ म्हणाले. तेव्हाच माझ्या तक्रारीचं सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

पुढं दरवर्षी भात निघालं की भाऊंचा इंद्रायणी तांदूळ घरी यायचा. बायको खूश, मी धास्तावलेला. याला कळलंय का? कळलंय तर गोड का वागतो? लोणावळ्याला त्यांच्या लेकीचं लग्न झालं. मला आग्रहानं पहिल्या पंगतीला बसवलं आणि मी घास सोडून लोकांची तोंडं बघत होतो... यानं कुणाकुणाला सांगितलंय!

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. भाऊंच्या पत्नीनं चहा ठेवला. मला राहवेना. "वहिनी, भाऊंना ठाऊक होतं का हो, त्यांची तक्रार कुणी केली ते?"

"व्हय. वरच्या साहेबांनी कागद दावला हुता. तुमचं अक्षर वळखलं त्यांनी."

"मग तांदूळ का पाठवायचे?"

"मीबी लय भांडले त्यापायी. तर म्हनायचे, मानूस वाईट न्हाई, एक दिस सोताहून सांगंल." वहिनींनी कप माझ्यापुढं सरकवला. "दवाखान्यात तुमी भेटाया आलतात न्हवं? तवा मला मुद्दाम भाईर जा म्हनले. म्हनले, माज्यासमोर एकटा असला की बोलंल."

त्या दिवशी मी भाऊंपाशी अर्धा तास बसलो होतो. पावसापाण्याचं बोललो, आणि उठलो.