खोटा मुरगळलेला पाय

आमच्या वळू केंद्रात वळूंचं रेत, म्हणजे वीर्य, तपासणारे एक साहेब आहेत. गार काचेनं बीज मरतं, म्हणून काचपट्टी मशीनवर तापवतात आणि वर बाळाचं दूध बघावं तशी मनगटाला लावून बघतात. बोलतात कमी, बोलले तर टोचून.

मी वळू सांभाळतो. माझ्या वळूला वासरू असल्यापासून बायकोनं पेंड चारली. ती फाल्गुनात गेली. वैशाखात वळूचं रेत तीनदा नापास झालं. चौथ्यांदा झालं, की त्याला केंद्रातून काढणार.

"साहेब, ह्याला रोग झालाय का?"

"रोग नाही, बाबा. उन्हाच्या तापानं आत गंज चढतो. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तसं बीज खराब होतं."

"मग ऊन कमी करा की."

"समोरच्या आयटीवाल्यांना सांगून या. त्यांच्या इमारतीच्या काचा अख्खं ऊन आपल्या गोठ्यात फेकतात."

त्याच संध्याकाळी त्यांनी घरचा कूलर रिक्षात घालून आणला आणि गोठ्यात लावला. पण नवं बीज तयार व्हायला दोन महिने लागतात, आणि चौथी तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. साहेबांनी वहीत लिहिलं, 'वळूचा पाय मुरगळला. दोन महिने विश्रांती, तपासणी नाही.' पाय धडधाकट होता. हा माणूस खोटं लिहिणारा नाही.

आता तपासणीला आठवडा उरलाय. रोज खिडकीतून विचारतात, "बाबा, जेवलात का?" वळूचं नावही काढत नाहीत. वळू पास होईल याची त्यांनाही खात्री नाही, हे मला त्यावरून कळतं. मग पुढ्यातली भाकरी मी वळूपुढे ठेवतो.