वैशालीचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही – आणि वैशालीला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

आम्ही दोघी नागपुरात एकाच प्रयोगशाळेत संशोधन करायचो. मी शहरातल्याच महाल भागातली, ती खाप्याहून रोज बसने येणारी. काम ऐकायला मोठं, पाहायला अगदी छोटं – द्रवातून लेसर काढायचा. केसासारखी बारीक, पोकळ काचेची नळी. तिच्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेला गुलाबी रंग. बाहेरून हिरव्या लेसरचा झोत मारला, की प्रकाश नळीच्या पातळ भिंतीतून गोल गोल फिरायचा, प्रत्येक फेरीत रंगाकडून जोर घ्यायचा आणि नारिंगी लेसर होऊन बाहेर पडायचा. सुईच्या टोकाएवढा ठिपका. तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा आम्ही एकमेकींचे दंड धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होतो.

बाजारात मिळणाऱ्या नळ्या जाड असत. पातळ आम्हीच करायचो – ज्योतीवर धरायची, काच मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायची. ज्योत हलता कामा नये, म्हणून पंखा बंद, कूलर बंद. आणि महिना मे. माझी नळी वाकडी यायची, नाहीतर तुटायची. वैशाली श्वास रोखून एकदाच ओढायची – सरळ, सगळीकडे सारख्या भिंतीची. आमचे मार्गदर्शक सर शेजारच्या विभागातल्या लोकांना बोलावून तिचा हात दाखवायचे.

आमची बोटं कायम गुलाबी. तिची आई तिला विचारायची, "होळी कधीची झाली, तू अजून कोणासंग खेळून राहिली वं?" हे वैशाली डब्याच्या वेळी आईच्या आवाजात म्हणून दाखवायची, आणि मला ठसका लागायचा.

चांगले दिवस होते. मी उगाच लांबवते आहे, कळतंय मला.

आमचा एक नियम होता. संध्याकाळी जी शेवटी निघेल, तिने नळी स्पिरिटने धुवायची. रंग आत वाळला की नळी बुजते. एका संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या मोठ्या संस्थेतले पाहुणे येणार होते. आमचं काम बघून दोघींपैकी एकीला ते आपल्याकडे घेणार होते. दाखवायची नळी वैशालीने ओढलेली.

"मी निघून राहिली वं," बसची वेळ झाली तशी ती म्हणाली. "धुशील ना?"

"जा, धुते."

नाही धुतली. कारण काही नव्हतं – विसरले. त्याबद्दल मी स्वतःला फार बोलत नाही. माणूस विसरतं. पुढचं विसरणं नव्हतं.

सकाळी मीच आधी पोचले. रंग आत वाळून बसला होता. मी सिरिंजने स्पिरिट दाबलं – जरा जास्तच. अडकलेला रंग सुटला, आणि ऐकू येईल न येईल असा आवाज झाला. भिंगाखाली धरून पाहिलं. तडा. नळी अजून एकसंध होती, पण पुन्हा द्रव दाबला की फुटणार, हे मला स्वच्छ दिसलं.

मग मी काय केलं? बाहेरून पुसली आणि होती तशी जागेवर बसवली.

नवी ओढायला वेळ होता. वैशाली आल्या आल्या मी बोलले असते, तर तिने पर्स बाजूला ठेवून ज्योत पेटवली असती. एक वाक्य – तेवढं बोलायला काय लागतं?

पाहुणे आले. सर आले. वैशालीने सिरिंज लावली, दाबली, आणि टेबलावर गुलाबी थेंब पसरला.

"बाई, काच आहे ती, कणीक नाही," सर म्हणाले. पाहुणे हसले. मीही हसले.

"माझाच हात जड पडला," वैशाली म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. होतं असं, म्हटलं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी घाबरून गप्प बसले. ते खरं नाही. सिरिंज तिच्या हातात होती, तेव्हा मला भीती वाटत नव्हती – मी वाट बघत होते. तिच्या हाताचं ते कौतुक मला सहन होत नव्हतं.

जागा मला मिळाली. तिच्याकडून त्यानंतर नळी ओढली गेली नाही. ज्योतीपुढे बसायची, बोटं थरथरायची, उठायची. थोड्याच दिवसांत तिने काम सोडलं. आता ती खाप्याला कॉलेजात शिकवते, मी नागपुरात परत येऊन रामदासपेठेतल्या दवाखान्यांना यंत्रं पुरवते. भेटी होतात.

मागच्या महिन्यात तिच्या घरी गेले होते. तिने मुलीला तोच किस्सा सांगितला, नेहमीसारखा हसत – "तुझी मावशी गेली मोठ्या लॅबमधी, अन् मी आली नळी फोडून घरी."

मग चहा आणला. काचेचा ग्लास एका हातात, आणि दुसरा तळहात ग्लासाखाली धरलेला.

"पकड वं लवकर. माझ्या हाताचा काही भरवसा नाही."

तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. मी ग्लास घेतला, आणि चहा छान झालाय म्हणाले.