भावजींची उभी गाडी

गाडी बघायला आलेला माणूस गाडी बघताच मटकन पायरीवर बसला आणि म्हणाला, "अहो, हे काय करून ठेवलंत?" माझे दीर त्याच्यासमोर नवा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, माणसाला आनंद सोसला नाही. ते म्हणाले, "बघा, कशी कोरी करकरीत झाली!" गाडी टोमॅटोसारखी लाल झाली होती. बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि मागच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत 'आई एकवीरा प्रसन्न' लिहिलं होतं. ते लिहायला भावजींनी सांगितलं नव्हतं. कोपरीचा रंगारी टेम्पो रंगवतो, त्याने सवयीने लिहून टाकलं. पाहुण्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. गाडी लालच होती.

माझ्या दिरांएवढा सरळ माणूस अख्ख्या नौपाड्यात मिळायचा नाही, आणि सरळ माणूस घरात असण्यासारखा ताप नाही. पाहुणा पुण्याचा, जुन्या गाड्या जमवणारा. माझ्या नातीने गाडीचे फोटो फोनवर कुठेतरी टाकले आणि त्याचा फोन आला. म्हणाला, अशी दुसरी गाडी आपल्या देशात असेल-नसेल. "फक्त एक करा. तिला हात लावू नका. आहे तशी राहू द्या, धूळसुद्धा पुसू नका." आता आपल्याकडे पाहुणा "काही करू नका हं, नुसता चहा" म्हणतो, तेव्हा आपण काय करतो? शिरा करतो. नुसता चहा दिला तर तो घरी जाऊन बायकोला सांगतो. भावजी मला म्हणाले, "वहिनी, काय सभ्य माणूस आहे! आपल्याला खर्चात पाडायचं नाही म्हणून धूळसुद्धा पुसू नका म्हणतो." आणि मी डोंबिवलीला लेकीकडे गेले तेवढ्यात त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. मी घरी असते तर थांबवलं असतं असं म्हणणार नाही. पाहुणा यायच्या दिवशी मीसुद्धा शिराच केला होता.

ही गाडी जर्मन. दोनच सीट, वर कापडाचं छप्पर, ते दुमडून मागे टाकायचं. लांब नाक, तारांची चाकं, आणि स्टिअरिंग भलत्याच बाजूला. भावजी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या जर्मन साहेबाने ती कुठल्याशा संस्थानिकाकडून हौसेने घेतली होती. साहेब मायदेशी परत गेला तेव्हा गाडी बंद पडलेली होती. एवढी वर्षं तिची निगा याच माणसाने राखली म्हणून तिचे कागद भावजींच्या नावावर करून गेला. गाडी आमच्या दारात आली ती ढकलत. तीन हात नाक्यावर लोकांना वाटलं वरात आहे. एकाने विचारलंसुद्धा, "नवरा कुठाय?" भावजी घामाघूम होऊन मागून ढकलत होते. म्हणाले, "मीच."

नवरा व्हायचं मात्र राहिलं ते राहिलंच. सासूबाई म्हणायच्या, "याला मुलगी द्यायची म्हणजे सवतीवर द्यायची." इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भावजींचा रविवार जायचा. जेवण झालं की छप्पर मागे टाकून स्टिअरिंगवर बसायचे, डोळ्यांवर काळा चष्मा. गाडी जागची हलायची नाही, पण भावजी वळणावर वाकायचे. माझे यजमान ओटीवरून ओरडायचे, "काय रे, कुठपर्यंत पोचलास?" "खोपोली!" "मग येताना बटाटवडे आण!" भावजी कधी रागावले नाहीत. बंद गाडीत बसून बटाटवडे आणता येत नाहीत, एवढं ते हसत सांगायचे. मला म्हणायचे, "वहिनी, हिच्यात बसलं की वाऱ्याने केस उडायला हवेत, तर मजा." केस होते तेव्हा गाडी चालू झाली नाही. आता चालू झाली तरी उडायला काही नाही.

गाडीला एक पार्ट हवा होता. काय ते मला आजही माहीत नाही, मुठीत मावेल एवढा आहे म्हणतात. आमच्या नात्यात, शेजारात कुणीही परदेशी निघालं की भावजी त्या पार्टचं चित्र घेऊन त्याच्या दारात. सगळे हो म्हणायचे. कुणी दुबईला चाललेला असायचा, कुणी अमेरिकेला, तरी हो म्हणायचे. आमचा एक भाचा खरोखर जर्मनीला जाऊन आला. त्याने चॉकलेट आणलं. भावजींनी ते चॉकलेट खाल्लं आणि म्हणाले, "विसरला असेल, थंडी फार असते तिकडे."

दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवून त्यावरून गाडी न्यायची रीत आहे. आमची गाडी स्वतःहून जाणार नाही, म्हणून सगळी इमारत ढकलायला यायची. यजमान, वरचे कुलकर्णी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळे खांदा लावायचे. "हर हर महादेव" म्हणून ढकलायची, लिंबू फुटलं की परत मागे आणायची. वर्षाचा प्रवास तेवढाच. मी आपट्याची पानं वाटत उभी असायची आणि मनात म्हणायची, शहाणी माणसं एका वेड्याच्या मागे कशी लागतात. पण लिंबू फुटलं की टाळी मीही वाजवायची.

आता आमची इमारत पाडणार आहेत. नवी होईपर्यंत विठ्ठलवाडीला भाड्याच्या जागेत राहायचं, दुसऱ्या मजल्यावर. गाडीला जागा नाही. भंगारवाला दोन फेऱ्या मारून गेला होता आणि तो गाडीकडे नाही, तिच्या वजनाकडे बघत होता. भावजींना गाडीचे पैसे नको होते. तिला चालू करणारा कुणीतरी हवा होता, आणि 'मी चालू करतो' म्हणणारा इतक्या वर्षांत हा एकच आला होता. तोच पायरीवर बसला होता.

"काका, हिचा मूळचा रंगच तर हिची किंमत होती," तो हळू आवाजात म्हणाला. "रंग काय, कुणीही नवा मारतं. जुना परत कुठून आणायचा?" मग उठला आणि निघाला. माझा शिरा तसाच होता.

भावजींच्या हातातला पेढ्यांचा पुडा मी काढून घेतला, नाहीतर पडला असता. ते आत गेले, रॉकेलचा डबा आणि माझं जुनं लुगडं घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून दरवाजा घासायला लागले. रंग अजून ओला होता. हात कोपरापर्यंत लाल झाले. लाल जाऊन कुठे कुठे खालचा मूळचा शेवाळी रंग दिसायला लागला.

"अहो काका, थांबा! हात लावू नका!" पाहुणा ओरडला.

या वेळी मात्र भावजी थांबले.

पाहुणा मागे फिरला, खाली वाकला, खिशातल्या बॅटरीने खालचा रंग बघितला, नखाने हळूच उकरून बघितला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आहे खाली. आमची माणसं काढतील हळूहळू. वर्ष लागेल, पण निघेल." मग विचारलं, "एक सांगा, न चालणारी गाडी एवढी वर्षं का ठेवलीत?"

भावजी लाल हात पुसत म्हणाले, "एकीला शब्द दिला होता. चालू झाली की बोलावतो म्हणून."

तेव्हा मला आठवलं. ती म्हणजे भावजींना सांगून आलेली डोंबिवलीची एक मुलगी. बघायचा कार्यक्रम आमच्याच घरी झाला होता. चहा झाल्यावर भावजींनी तिला गाडी दाखवली. ती सीटवर बसली, पदर सावरला, खूप हसली आणि जाताना म्हणाली, "चालू झाली की बोलवा हं!" महिन्याभरात तिचं दुसरीकडे ठरलं. आम्ही सगळे ती चेष्टा विसरूनही गेलो होतो. या माणसाने तिच्या चेष्टेला शब्द मानलं आणि पाहुण्याच्या शब्दाला नुसता उपचार. तिला आता नातवंडं असतील. भावजींना हे कळत नव्हतं असं नाही. पण बोलावायचं तर गाडी चालू हवी, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात ट्रक आला. भावजींनी पाहुण्याला सांगितलं, पावसाळ्यात सीटवर गोणपाट टाका, तिला ओल सोसत नाही. माणसांनी गाडी फळीवरून वर चढवली, दोरांनी बांधली. ट्रक गोखले रोडला वळला तेव्हा गाडी उघड्यावर, वाऱ्यात होती आणि आत कुणी नव्हतं. भावजी रस्ता मोकळा होईपर्यंत उभे राहिले. "बरी चालली आहे," म्हणाले.

सासूबाई गेल्या, यजमान गेले, वरचे कुलकर्णी गेले. गाडी जाताना बघायला त्या घरातली आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे दीर.